फोनवरील पैशाचा व्यवहार व शेतकऱ्याची सावधगिरी

पूर्वीं सावकार कुळाकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेई, आणि मग त्यावर काय लिहावयाचें हें त्याच्या मर्जीवर राही. तो काळ गेला, परंतु कोरा कागद गेलेला नाहीं. आज तो आपल्या हातांतील फोनमध्यें आहे.

२०१६ सालीं यूपीआय पद्धति सुरू झाल्यापासून मालाची पट्टी, मजुरी, खतांचें बिल हे व्यवहार घरबसल्या होऊं लागले. ही सोय मोठी आहे. पण तिचें मर्म जाणून घ्यावें. यूपीआयचा पिन पैसे देतांना किंवा शिल्लक पाहतांना लागतो. पैसे घेण्यास तो कधींहि लागत नाहीं. आपल्या बैलजोडीची जाहिरात पाहून "विसार पाठवितों, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन घाला" असें कोणी सांगूं लागल्यास, तो विसार देत नसून आपल्याच खात्यांतून पैसे काढीत आहे, असें निश्चित समजावें.

दुसरी युक्ति पीएम-किसानच्या हप्त्याची. त्या नांवानें व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती फोनमध्यें बसविली, कीं बँकेचे ओटीपी परस्पर भामट्याच्या हातीं पडूं शकतात. अशी फाइल सोयऱ्याच्या क्रमांकावरून आली तरी उघडूं नये; त्याचाहि फोन भामट्याच्या ताब्यांत गेलेला असूं शकतो.

बियाणें अथवा अवजारें ऑनलाइन मागवितांना अर्ध्या किंमतीस भुलूं नये. विक्रेत्याचा परवाना व पत्ता पाहावा, पक्की पावती घ्यावी, आणि दुकान अनोळखी असल्यास शक्यतों माल हातीं आल्यावरच पैसे द्यावे.

इतकें करूनहि कोणी फसल्यास लाज धरून गप्प बसूं नये. चोरलेले पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत झपाट्यानें हलविले जातात. वाटेंत अडले तरच परत मिळण्याची आशा. म्हणून त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावें. बँकेचा क्रमांक पासबुकावरूनच घ्यावा. २०१७ सालीं रिझर्व्ह बँकेनें ठरवून दिलें कीं, चूक ना ग्राहकाची ना बँकेची असतां, ग्राहकानें सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास नुकसान त्याच्यावर पडूं नये. परंतु पिन वा ओटीपी आपणच सांगितला असल्यास, कळवीपर्यंतचें नुकसान आपणांसच सोसावें लागतें.

तेव्हां शेतकरी बंधूंनीं हें घरांतील सर्वांस आजच समजावून सांगावें, आणि १९३० हा अंक फोनजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा.