आशियाई खेळ बघायला बसू या

गावात कबड्डीचे सामने लागले की मैदानाच्या कडेला पुरुष मंडळी बसतात आणि आपण बाया मागे, कुणाच्या तरी ओट्यावर. घरात टीव्हीवर सामना असला तर आपण स्वयंपाकघराच्या दारातून बघतो, अर्धं लक्ष तव्यावर. कोण जिंकलं ते कळतं, पण कसं जिंकलं ते कळायचं राहून जातं. यंदा जपानमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. त्या आपण नीट बसून बघाव्यात, म्हणून आजचं हे बोलणं.

आशिया खंडातल्या देशांची ही स्पर्धा साधारण दर चार वर्षांनी होते. पहिली १९५१ साली आपल्या दिल्लीतच झाली होती. यंदाची १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या दिवसांत आयची-नागोया इथे आहे. ऑलिंपिकमध्ये कबड्डी नाही, इथे आहे. पुरुषांची कबड्डी या स्पर्धेत १९९० साली आली, बायकांची मात्र २०१० साली. वीस वर्षं मागून आल्या, पण आल्या त्या सुवर्णपदक घेऊनच! २०१० ला चीनमध्ये ग्वांगझूला आणि २०१४ ला दक्षिण कोरियात इंचॉनला आपल्या मुली पहिल्या आल्या. इंचॉनच्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती.

२०१८ ला जकार्तामध्ये मात्र अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी आपल्याला २७-२४ असं हरवलं. आणि त्या इराणच्या संघाला तयार केलं होतं कुणी? आपल्या नाशिकच्या प्रशिक्षक शैलजा जैन यांनी. हरल्याचं वाईट वाटलंच, पण महाराष्ट्रातली एक बाई परक्या मुलखात जाऊन तिथल्या मुलींना सुवर्णपदकापर्यंत नेते, हेही विसरण्यासारखं नाही.

पुढची स्पर्धा कोरोनामुळे वर्षभर लांबली आणि २०२३ ला चीनमध्ये हांगझोला झाली. तिथे चायनीज तैपेई, म्हणजे तैवान, या संघाशी आपला पहिलाच सामना ३४-३४ असा बरोबरीत सुटला. अंतिम सामन्यात पुन्हा तोच संघ समोर. ७ ऑक्टोबरला आपण २६-२५ असे जिंकलो, फक्त एका गुणाने. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक होतं. पुण्याची स्नेहल शिंदे आणि मुंबईची सोनाली शिंगटे त्या संघात होत्या.

आता हा एक गुण येतो कुठून, ते समजून घेऊ. कबड्डी आपल्या ओळखीची आहे, तरी मॅटवरच्या सामन्यात काही गोष्टींकडे मुद्दाम लक्ष ठेवा.

एक, चढाई तीस सेकंदांची असते. आपली नजर चढाई करणारीवर खिळते. थोडा वेळ ती दोन्ही कोपऱ्यांतल्या मुलींवर ठेवा. पकड बहुतेक वेळा तिथून सुरू होते.

दोन, समोर सहा किंवा सातजणी असतील तरच बोनसचा गुण मिळतो. त्यामुळे मॅटवर किती जणी उरल्यात ते मोजत राहा.

तीन, सगळा संघ बाद झाला की लोण, त्याचे दोन गुण जादा. पण तिघी किंवा त्याहून कमी उरल्या असताना त्यांनी पकड केली तर त्यांना एक गुण जादा मिळतो. कमी माणसांत जास्त मिळतं ते इथेच.

चार, शेवटच्या दोन-तीन मिनिटांत पुढे असलेला संघ वेळ काढतो. ते घाबरणं नव्हे, तो डावच असतो. मात्र सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद.

कबड्डीखेरीज आणखी एक शर्यत जरूर बघा : तीन हजार मीटर अडथळ्यांची, म्हणजे स्टीपलचेस. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर हिने इंचॉनला यात कांस्यपदक घेतलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत दहावी आली. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याची ही मुलगी पुढे उपजिल्हाधिकारी झाली. पुरुषांत बीडच्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेने हांगझोला सुवर्ण घेतलं. या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि शिवाय सात वेळा पाण्यावरची उडी असते. सुरुवातीला पुढे कोण आहे याला फार महत्त्व देऊ नका. पाण्यातून बाहेर पडताना कुणाची चाल मोडते ते बघा.

रोज पदकांचा तक्ताही दाखवतात. त्यात आधी सुवर्णपदकं मोजतात, ती सारखी असली तर रौप्य, मग कांस्य. कबड्डीच्या बाराजणींचं मिळून तक्त्यात एकच पदक धरतात.

वेळेचं गणित सोपं आहे. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असतं. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच. म्हणजे बरेच सामने जेवणं उरकल्यानंतर बघता येतील. १४ सप्टेंबरला गणपती बसतात, मुंबईची माणसं घरी असतात, आणि त्यामागून हळव्या भाताची कापणी येते. सगळं बघणं व्हायचं नाही. दोन-तीन सामने निवडा आणि तेवढेच एकत्र बसून बघा. कुठल्या चॅनेलवर दाखवणार ते आधी विचारून ठेवा. वाडीत रेंज कुठे येते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

बघायला मिळणं हीसुद्धा साधी गोष्ट नाही, हे आपल्या दोन तालुक्यांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला महाडात सावित्रीचं पाणी शिरलं, तळियेवर दरड आली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी टोकियोत ऑलिंपिक सुरू झालं. २४ तारखेला मीराबाई चानूने वजन उचलून रौप्यपदक मिळवलं, तेव्हा आपण चिखल उपसत होतो, आपली माणसं शोधत होतो. त्या ऑलिंपिकची आठवण इथे कुणाला विचारू नये.

म्हणून यंदा बसाल तेव्हा मुलींना शेजारी घेऊन बसा. सातवी-आठवीपर्यंत आपल्या मुली खेळतात, पुढे थांबतात. सरावाला उशीर होतो, एसटी चुकते, घरात काम असतं, कपड्यांवरून कुणी बोलतं. थांबवायचं की नाही हे पुष्कळदा आपल्याच हातात असतं. सगळ्याच मुली पदक आणणार नाहीत. पण राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. कुठल्या पातळीवर खेळलं तर काय मिळतं, ते शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारा आणि खेळाचं प्रत्येक प्रमाणपत्र रेशनकार्डाइतकं जपून ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं यासाठी ठेवा : कोणता सामना, कुणाच्या घरी, आणि त्या दुपारी लहान पोरांना कोण सांभाळणार.