जेलीफिश म्हणजे निव्वळ पाणी नव्हे

जेलीफिश म्हणजे नुसते पाणी, त्यात पोषण ते काय असणार, म्हणून त्याला कोणी खात नाही आणि सागराच्या अन्नव्यवहारात त्याचा हिशेब धरण्याचे कारण नाही, हे विधान इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे कानी पडते की आता ते ऐकवत नाही. त्याच्या देहात सुमारे ९५ टक्के पाणी असते हे खरे. त्यापुढचे सारे निराधार आहे.

हा ग्रह उपजला तो जाळ्यामुळे. १८७२ साली ‘चॅलेंजर’ जहाज निघाले तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे खोल समुद्रातील जीवांची खानेसुमारी मुख्यतः जाळी ओढूनच होत असे. त्यांतून कोळंबी आणि मासे साबूत वर येत व दफ्तरी दाखल होत, परंतु टेनोफोरांसारखे नाजूक, जेलीसदृश जीव जाळ्यातच फाटत, आणि जे वाचत त्यांतील कित्येक फॉर्मॅलिनमध्ये विरघळून जात. माशांच्या पोटाची तपासणी करावी, तर तिथेही हीच अडचण. चम सामन मासा टेनोफोर कोळंबीच्या सुमारे २० पट वेगाने पचवतो, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. मग पोटात अवशेष सापडावेत कसे? जे हाती लागले नाही ते अस्तित्वातच नाही, असा निवाडा देऊन आपण मोकळे झालो.

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात तेथील सागरी संशोधन संस्थेने १९८८पासून वेगळा मार्ग धरला. जहाजावरून चालविले जाणारे ‘व्हेंटाना’ हे कॅमेरायुक्त पाणयान ठरावीक खोलीवर थांबते, त्या पातळीत सरळ रेषेत पुढे जाते, आणि चित्रफितीवर दिसलेल्या प्रत्येक जीवाची खोलीसह नोंद होते. त्यामुळे त्याला स्पर्शही न करता त्याची गणना साधते. अशा पाणयानांनी १९९१ ते २०१६ या काळात टिपलेल्या भक्षणाच्या ७४३ प्रसंगांचा अभ्यास चॉय, हॅडॉक आणि रॉबिसन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यात जेलीसदृश प्राणी खाणारे आणि खाल्ले जाणारे, अशा दोन्ही नात्यांनी अन्नजाळ्याच्या मध्यभागी आढळले.

त्याच उपसागरातील महाकाय लार्व्हेशियन हे जेलीसदृश जीव आपल्याभोवती एक मीटरहून रुंद असे श्लेष्माचे घर विणतात. ते गाळणीसारखे वापरून टाकून दिले की तळाकडे वेगाने जाते व कार्बन घेऊन जाते; गाळ गोळा करणाऱ्या नेहमीच्या उपकरणांत हे घर सापडतच नसे, हे रॉबिसन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘सायन्स’मध्ये दाखविले. ज्याला निव्वळ पाणी म्हणून बेदखल केले, त्याच्यासारखेच जेलीसदृश जीव तळाच्या प्राण्यांना अन्न पुरवीत होते!

उरलेले गैरसमज थोडक्यात. सारेच जेलीसदृश जीव दंश करतात, हे चूक. बहुतेक टेनोफोर दंशपेशींनी नव्हे, तर चिकट पेशींनी भक्ष्य धरतात. ते सारे एकाच कुळातले, हेही चूक. साल्प आणि लार्व्हेशियन पृष्ठरज्जू असलेल्या, म्हणजे आपल्याच संघातील आहेत. आणि जेलीफिश जगभर सतत वाढतच आहेत, या बोलण्याला पुरेसा आधार नाही: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नोंदींच्या विश्लेषणात त्यांच्या संख्येत सुमारे २० वर्षांच्या आवर्तनाने चढउतार दिसले.