तृणमण्यातील माशी काय सांगते?

झाडाच्या सालीला जखम झाली की तिच्यातून चिकट द्रव पाझरतो. त्याला आपण सरसकट डिंक म्हणतो. पण बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, राळ मात्र विरघळत नाही. राळ ही झाडाने कीड व बुरशी यांच्याविरुद्ध धरलेली ढाल आहे. ती जमिनीखाली गाडली गेली की दीर्घ काळात तिच्यातील उडून जाणारी द्रव्ये निघून जातात, रेणू एकमेकांना जखडले जातात आणि तिचा पिवळसर, पारदर्शक खडा बनतो. हाच तृणमणी, म्हणजे अंबर. लोकरीवर घासला असता तो गवताची काडी ओढून घेतो, म्हणून त्याचे हे नाव.

ओली राळ हा लहान जिवांसाठी सापळाच असतो. मोठा भुंगा धडपडून सुटतो. चिलट सुटत नाही. त्यामुळे जगभरच्या तृणमण्यांत माश्या, चिलटे आणि डास यांचा द्विपंखी वर्ग विपुल आढळतो. या कीटकांना पंखांची एकच जोडी असते. दुसऱ्या जोडीच्या जागी उडताना तोल राखणारे बारीक गदेसारखे दोन अवयव असतात. तेही तृणमण्यात सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. ‘जुरासिक पार्क’ या चित्रपटात अशा कीटकाच्या पोटातील रक्तापासून डायनासोर निर्माण केलेले दाखविले आहेत. ती केवळ कल्पना होय. डीएनए इतका काळ टिकत नाही. परंतु त्या देहाची ठेवण टिकते, आणि तिच्यावरून जे वाचता येते ते कल्पनेपेक्षा कमी विस्मयकारक नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरात राज्यात आहे. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथे लिग्नाइट या तपकिरी कोळशाची उघडी खाण आहे. तेथील थरांत 5 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा तृणमणी सापडतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील हुकम सिंग, गढवाल विद्यापीठातील राजेंद्र राणा, जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे येस रुस्ट, न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील डेव्हिड ग्रिमाल्डी आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध केला. सुमारे 150 किलो तृणमण्यातून त्यांना 700 हून अधिक कीटक व तत्सम जीव मिळाले; ते 55 कुळांतील होते. हा तृणमणी बाल्टिक समुद्राकाठच्या तृणमण्याइतका कठीण झालेला नाही. योग्य द्रावकात तो विरघळतो आणि आतील कीटक अखंड बाहेर काढता येतो.

या कीटकांवरून त्या काळचे अरण्य डोळ्यांसमोर उभे राहते. तृणमण्याच्या रासायनिक परीक्षणावरून ती राळ ज्या वृक्षकुळाची ठरली, त्याच कुळात आपल्या परिचयाचा शालवृक्ष येतो. आज आग्नेय आशियातील सदाहरित वनांत याच कुळाचे प्राबल्य आहे. म्हणजे तसे उष्ण, दमट वन तेव्हाही भारतात होते. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी केसाळ पंखांची बारीक माशी आपण पाहतोच. तिचे प्राचीन आप्त येथे सापडले. त्यांच्या अळ्या ओल्या, कुजत्या पाल्यापाचोळ्यात वाढतात. त्याच कुळातील वाळूमाशीही येथे आढळली. चावऱ्या चिलटांचे तर अनेक प्रकार मिळाले. वस्तानच्याच थरांत वटवाघळे आणि माकडांचे आदिम नातलग यांचे अवशेष सापडल्यामुळे या रक्तपिपासू कीटकांना भक्ष्याची वाण नसावी. 2016 साली वर्णन केलेल्या एका चिलटाच्या मादीच्या पंखांवर गंधद्रव्य हवेत पसरविणारी, खिशासारखी रचना दिसली. नराला गंधाने साद घालण्याची रीत इतकी जुनी आहे.

परंतु या माश्यांनी दिलेली सर्वांत महत्त्वाची साक्ष वेगळीच आहे. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड मादागास्करपासून तुटला आणि उत्तरेकडे सरकू लागला. याच प्रवासात, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण घडविणारे लाव्हारस उसळले. पुढे, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी, हा भूखंड आशियाला भिडू लागला. मधल्या प्रदीर्घ काळात भारत समुद्राने वेढलेले एकाकी बेट होता, असे मानले जाई. तसे असते, तर मादागास्करमध्ये जसे लेमर आहेत, तसे इतरत्र कोठेही न आढळणारे जीव येथे मोठ्या संख्येने दिसावयास हवे होते. वस्तानचे कीटक तसे नाहीत. तेथील चिलटांचे निकटचे आप्त युरोपातील बाल्टिक तृणमण्यात आणि चीनमधील फूशुनच्या तृणमण्यात आढळतात. म्हणजे पूर्ण टक्कर होण्यापूर्वीच जिवांची ये-जा सुरू झाली असली पाहिजे; कदाचित वाटेतील बेटांच्या रांगांवरून.

हा पुरावा वाचताना त्याच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्या लागतात. तृणमणी संपूर्ण अरण्याची नोंद ठेवीत नाही. राळेच्या झाडाजवळ वावरणाऱ्या लहान जिवांनाच तो झुकते माप देतो. म्हणून अभ्यासकांनी एका माशीवर निष्कर्ष उभारला नाही. मधमाश्या, मुंग्या, वाळवी अशा अनेक कुळांची साक्ष त्यांनी ताडून पाहिली आणि ती एकाच दिशेची निघाली. एका खंडाविषयीचे रूढ मत बदलले, ते अशा नखाएवढ्याही नसलेल्या देहांच्या धीराने केलेल्या मोजणीमुळे.

येथे एक गोष्ट मनाला लागते. लिग्नाइट खणला जातो तो जाळून वीज करण्यासाठी. त्याच्या थरांतील जो खडा कोणाच्या नजरेस पडत नाही, तो कोळशाबरोबर कायमचा जातो. खाण थांबवा असे म्हणणे सोपे आहे, पण त्याच विजेवर आपली घरे व वसतिगृहे उजळतात. करता येण्याजोगे काम एवढेच की खणणाऱ्या हातांच्या शेजारी पाहणारे डोळेही असावेत. ते तयार होतात शाळेत: दगड उचलून निरखणाऱ्या, माशीचे पंख मोजणाऱ्या आणि ‘हे कशावरून?’ असे विचारणाऱ्या मुलामुलींमध्ये. आपल्या घरच्या मुलाने तसा प्रश्न केला, तर त्याला थांबवू नये. वस्तानची माशी बोलली, ती कोणीतरी तिला विचारले म्हणून.