शाळेचे स्थान आणि त्याची नोंद

शाळा कोठे आहे, असे गावातल्या माणसास विचारले तर तो हात करून दाखवितो. जिल्ह्याच्या कचेरीत तेवढ्याने भागत नाही. तेथे स्थान आकड्यांनी सांगावे लागते, आणि आकडा चुकला की शाळाच परगावी जाते.

मलकापूरचेच पाहा. हे शहर सुमारे २० अंश ५३ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७६ अंश १२ मिनिटे पूर्व रेखांशावर वसले आहे. एका अंशाची मिनिटे ६०. संगणकावरील नकाशास बहुधा दशांश अपूर्णांक लागतो. म्हणून ५३ ला ६० ने भागून अक्षांश २०.८८ असा लिहावयास हवा. घाईत तो २०.५३ असा लिहिला जातो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; तेव्हा या नोंदीने शाळा सुमारे ३९ किलोमीटर दक्षिणेस, थेट बुलढाण्याच्या अक्षांशावर जाऊन बसते. वरच्या वर्गात हे गणित फळ्यावर अवश्य करून घ्यावे.

केवळ नावावर विसंबणेही बरे नव्हे. मलकापूर कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात आहे, तसे सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळही आहे. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक मात्र दुसऱ्या शाळेस नसतो. प्रत्येक कोष्टकात तो प्रथम स्तंभात असावा, व संख्या म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून ठेवावा. नाही तर अरुंद स्तंभात तो संक्षिप्त होतो आणि शेवटचे अंक लोपतात.

एवढा खटाटोप कशासाठी? पहिली ते पाचवीच्या बालकास एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, असा शिक्षणहक्काच्या नियमांचा दंडक आहे. आता समजा, नळगंगेच्या एका तीरावर वस्ती व दुसऱ्या तीरावर शाळा आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर ६०० मीटर भरते. पुलावरून चालत जावे तर दोन किलोमीटर. पट्टीवर विश्वास ठेवणारा अधिकारी त्या वस्तीस शाळेची गरज नाही असे लिहून मोकळा होईल, आणि पावसाळ्यात सहा वर्षांचे मूल घरी राहील. म्हणून शाळेच्या बिंदूजवळ रस्ता, पूल, नदी व वस्ती यांचेही थर लागतात. ते एका खात्याजवळ नसतात. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारख्या संस्थेकडून, महसूल व बांधकाम खात्यांकडून ते मागून घ्यावे लागतात, आणि आपले त्यांना द्यावे लागतात. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांस अशा माहितीसाठी लागणारी पूर्वपरवानगीची अट काढली, ही मोठीच सोय झाली.

देताना एक अडचण नेहमी येते. शेपफाइल म्हणून जी वस्तू ओळखली जाते, ती एक फाइल नसून एकाच नावाच्या अनेक फाइलींचा जुडगा असतो. एसएचपी तेवढी पाठविली व डीबीएफ राहिली, तर बिंदू जातात पण शाळांची नावे घरीच राहतात. सर्व फाइली एकत्र बांधून पाठवाव्यात. नावे युनिकोड देवनागरीत लिहावीत. स्थान कोणत्या दिवशी व कशाने मोजले, हेही सोबत नोंदवावे. मूळ प्रत एकाच जागी असावी व दुरुस्ती तिच्यातच व्हावी. पाच टेबलांवर पाच प्रती झाल्या की खरी कोणती हे कोणीच सांगू शकत नाही.

बालकांची नावे व घरे मात्र या देवघेवीत घालू नयेत. वस्तीवरील मुलांची संख्या दिली म्हणजे पुरे.