एका टाकीत किती रोल?

परीक्षा संपली, ट्रिप झाली आणि बॅगेत फिल्मचे तीन-चार रोल साठले. लॅबला टाकायचे तर महिन्याचा पॉकेटमनी गेला. मग घरीच धुऊ या की, तेही सगळे एकदम! फिल्म कॅमेऱ्याचा नाद लागलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हे कधी ना कधी येतंच.

माझ्याही आलं. तीन रिळांची मोठी टाकी आणली आणि मैत्रिणीला ऐटीत फोन केला, ‘‘तुझाही रोल दे गं, एकत्रच धुते.’’ तिच्या रोलवर तिच्या आजोळचं कौलारू घर होतं. पाडायच्या आधी आठ दिवस काढलेलं.

खालच्या रिळावर माझा रोल, वरच्यावर तिचा. दोन रोलना पुरेल एवढा ६०० मिलि डेव्हलपर. हिशेब बरोबर होता. चुकलं ते दुसरंच. तिसऱ्या रिळाची जागा मी मोकळी सोडली होती. टाकी उलटी-सुलटी करताना वरचं रीळ मधल्या नळीवर सरकत वर गेलं आणि अर्धवट द्रवाबाहेर राहिलं. माझा रोल झकास आला. तिच्या रोलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका कडेला फिका पट्टा. स्कॅन केल्यावर प्रत्येक फोटोत भिंती, ओसरी, तुळशीवृंदावन आणि कौलांच्या जागी काळपट पट्टी. तोवर घर पडलं होतं. ती चिडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून पहिला धडा: टाकीत जागा उरत असेल तर वर रिकामी रिळं बसवा किंवा क्लिप लावा. दुसरा: पहिल्याच प्रयोगात जिवापाडचा रोल घालू नका.

आता गणित. पॅटरसनच्या टाकीत ३५ एमएमच्या एका रोलला साधारण २९० मिलि द्रव लागतो. दोनला ५८०, तीनला ८७०. म्हणजे एकदाच वापरून फेकायचा डेव्हलपर असेल, तर केमिकल फारसं वाचत नाही. वाचतो तो वेळ. एकदाच तापमान जुळवायचं, एकदाच धुवायचं.

पण सोबत घालायचे रोल सारख्या वेळेचेच हवेत. २० अंशांना, आयडी-११ मध्ये तेवढंच पाणी मिसळलं, तर इलफर्ड एचपी५ प्लसला १३ मिनिटं लागतात आणि एफपी४ प्लसला ११. दोन्ही एकत्र घातले तर एकावर अन्याय होणारच. आणि हे सगळं ब्लॅक अँड व्हाइटचं. कलर रोलची केमिकल्स वेगळी, तो यात घुसडायचा नाही.

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्यात. नळाचं पाणीच तिशी ओलांडतं. बर्फ थेट केमिकलमध्ये टाकू नका, तो वितळला की प्रमाण बिघडतं. बादलीत बर्फाचं पाणी घ्या आणि त्यात बाटल्या उभ्या करा.

हे विसरू नका

* रीळ पूर्ण कोरडं हवं. ओल्या रिळावर फिल्म अडकते आणि अंधारात घाम फुटतो.
* बाटल्यांवर ठळक नावं लिहा. डेव्हलपरच्या आधी फिक्सर ओतलात तर एकदम सगळ्या रोलवरचे फोटो गेले!
* मापाची भांडी स्वयंपाकघरातली नकोत. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.
* वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. मोरीत ओतू नका, कॅनमध्ये साठवून फोटो लॅबला विचारा.

हल्ली मी रोल चढवण्याआधी रिकामी रिळं टाकीत घालते, उजेडात साधं पाणी ओतते आणि सगळ्यात वरचं रीळ बुडतंय का ते बघते. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी केलं असतं, तर मैत्रिणीच्या आजोळची कौलं आज तिच्या भिंतीवर असती.