नकाशा खुला आहे म्हणजे नक्की काय?

पाझर तलाव कुठे बांधायचा, कोणत्या गावात दुष्काळ जाहीर करायचा, कोणत्या डोंगरावर खाणीला बंदी घालायची, हे निर्णय नकाशावर होतात. ज्याचे शिवार त्या नकाशात आहे, त्याला तो कसा तयार झाला हे तपासता आले पाहिजे. त्यासाठी मूळ डेटा आणि तो हाताळणारे सॉफ्टवेअर, दोन्ही लोकांच्या आवाक्यात हवे. ते बरेचसे आवाक्यात आलेही आहे, पण गैरसमजांमुळे अनेकजण त्याकडे वळत नाहीत.

गैरसमज: फुकट पाहता येतो तो नकाशा खुला असतो.

वस्तुस्थिती: गूगल मॅप्स फोनवर फुकट पाहता येतो, पण त्यामागचा डेटा उतरवून घेऊन त्यावर स्वतःचा नकाशा बांधायला कंपनीच्या अटी परवानगी देत नाहीत. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा मात्र कोणीही घ्यावा, सुधारावा, छापावा, विकावादेखील. अटी दोनच: श्रेय द्यायचे आणि डेटात भर घालून तो प्रसिद्ध केला तर तीही त्याच परवान्याखाली खुली ठेवायची. खुले म्हणजे बेवारस नव्हे. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीतील पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचे रस्ते जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून घरबसल्या रेखाटले आणि मदत पथकांनी तोच नकाशा वापरला. परवाना खुला नसता तर हे घडले नसते.

गैरसमज: फुकटची उपग्रहचित्रे जुनी आणि निरुपयोगी असतात.

वस्तुस्थिती: अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पर्यंत विकत घ्यावी लागत, एका चित्राला सुमारे ६०० डॉलर पडत. त्या वर्षी १९७२ पासूनचा संग्रह विनामूल्य खुला झाला. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह आज दर पाच दिवसांनी त्याच जागेचे चित्र देतात, तेही विनामूल्य.

या चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक ठिपका साधारण एक गुंठा आणि दोन एकरांचा उसाचा फड म्हणजे ऐंशी ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या लाल आणि अवरक्त प्रकाशावरून पिकाचा हिरवेपणा मोजता येतो. कोणत्या कोपऱ्यात पीक मान टाकते आहे, हे त्यातून कळते. बांधाचा वाद मात्र त्यातून सुटणार नाही. त्याला मोजणीच लागते. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा ढगांपार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडारची चित्रे कामी येतात.

गैरसमज: फुकटचे सॉफ्टवेअर शिकण्यापुरते, खऱ्या कामाला महागडेच लागते.

वस्तुस्थिती: गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेले क्यूजीआयएस आज जगभर सरकारी कचेऱ्या, विद्यापीठे आणि कंपन्या वापरतात. त्याचा कोड खुला असल्यामुळे गरजेप्रमाणे त्यात भर घालता येते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने पाण्याचा ताळेबंद मांडणारे प्लगिन क्यूजीआयएसवरच बांधले. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला हे हिशेब कोणत्या सूत्राने केले, ते अशा ठिकाणी उघडून पाहता येते.

गैरसमज: भारतात परवानगीशिवाय नकाशे करणे गुन्हा आहे.

वस्तुस्थिती: १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांवरची पूर्वपरवानगीची अट काढली. संवेदनशील ठिकाणांबाबतचे निर्बंध कायम आहेत आणि एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा परदेशी कंपन्यांना स्वतः गोळा करता येत नाही. गावची विहीर, शाळा, पाणंद नकाशावर आणायला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

गैरसमज: डेटा खुला केला की गोंधळ माजतो, तो तज्ज्ञांपुरताच ठेवावा.

वस्तुस्थिती: माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले. उंची, उतार, प्रदेशनिष्ठ वनस्पती, नदीकाठची जंगले अशा निकषांवर गुण देऊन तीन स्तरांचे संवेदनशील क्षेत्र सुचवले. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेला हा अहवाल माहिती अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. मधल्या काळात ऐकीव गोष्टींना मोकळे रान मिळाले. आमच्या चौकोनाला हे गुण का, असे विचारायची सोय सिंधुदुर्गातल्या गावकऱ्याला आधी मिळायला हवी होती. गोंधळ लपवण्यातून वाढतो.

अर्थात सगळेच उघड करायचे नसते. रुग्णांचे पत्ते गुप्तच राहिले पाहिजेत. संकटग्रस्त जातींची नेमकी ठिकाणे मुद्दाम ढोबळ करून प्रसिद्ध करतात. शक्य तितके खुले, आवश्यक तितके बंद, हे युरोपीय आयोगाने संशोधनासाठी स्वीकारलेले सूत्र आपल्याकडेही लागू पडते. मात्र बंद ठेवण्याचे कारण सांगण्याची जबाबदारी बंद ठेवणाऱ्याची.

ग्रामसभेत पुढच्या वेळी एखादा नकाशा भिंतीवर लागला, तर डेटा कोणाचा, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या परवान्याखाली मिळेल, हे जरूर विचारा. सर्वेक्षण आपल्या करातून झाले असेल, तर उत्तर मिळणे हा आपला हक्क आहे.