गोळी परभणीत, रुग्ण फडावर

एचआयव्हीबाधितांना मोफत औषधोपचार देण्यास केंद्र सरकारने १ एप्रिल २००४ रोजी प्रारंभ केला, तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून तर सीडी-४ पेशींची संख्या कितीही असो, प्रत्येक बाधिताला औषध सुरू करण्याचे धोरण आहे. आणि पूर्वीच्या अनेक गोळ्यांऐवजी आता बहुतेकांना दिवसाकाठी एकच गोळी पुरते. तरीही औषध सुटते. सुटले की रुग्णाच्या बेफिकिरीवर खापर फोडून यंत्रणा मोकळी होते. परभणी जिल्ह्यापुरते तरी हे निदान उथळ आहे.

गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या तालुक्यांतील कोरडवाहू व भूमिहीन कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, ती उन्हाळ्यात परततात. फडावर नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. एकाने दवाखाना गाठावयाचा तर दोघांची तोड थांबते. वर खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो तो निराळाच. कारखान्याच्या परिसरातील उपचार केंद्रातून गोळ्या घेण्याची सोय आहे, हे खरे. पण कशासाठी जावयाचे, असे मुकादमाने विचारले तर सांगावे काय? संमतीवाचून कोणाचा आजार उघड करू नये, असे बजावणारा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. पाचटाच्या कोपीत मात्र गोळ्यांची बाटली दडविण्यापुरताही आडोसा नसतो. शिवाय गाडी भरण्याची हाक मध्यरात्रीही येते. तेथे गोळीची ठरलेली वेळ कोणी पाळावी?

हे औषध विषाणूचा समूळ नाश करीत नाही, त्याची वाढ रोखून धरते. म्हणून महिन्याच्या ३० गोळ्यांतील एखादीच चुकली तर चालते, असा दंडक आहे. तो पाळला तर रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा होतो आणि शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. वारंवार खंड पडला तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो, आणि पुढची औषधे अधिक किचकट असतात.

नव्याने औषध सुरू झालेल्यांना वरचेवर तपासणे आवश्यकच आहे. परंतु ज्यांचा उपचार स्थिरावला आहे, त्यांनाही थोड्याथोडक्या साठ्यासाठी हेलपाटे कशाला? २०२० च्या टाळेबंदीत तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्यात आल्याच होत्या. मग गावातून ट्रक हलण्यापूर्वी संपूर्ण हंगामाचा साठा हाती ठेवण्यात अडचण कोणती, याचे उत्तर आरोग्य खात्याने दिवाळीपूर्वी द्यावे.